३६व्या वर्षी नोकरी सोडून एमसीए करावे का?

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांना नमस्कार. २०१० साली गणित विषय घेऊन मी बी.एस्सी. झालो. गेली ११ वर्षे येथील एमआयडीसीतील, पीव्हीसी पाइप आणि ठिबकचे साहित्य बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळतो. कारखान्यात ईआरपी (साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) बसवली गेली, तेव्हा वह्यांमधील साठ्याच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने आधी एक्सेल व नंतर एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्याची संगणकीय भाषा) मी स्वतःच शिकत गेलो. आज महिन्याचा साठा-अहवाल मी त्या भाषेत लिहिलेल्या क्वेरींवरच (आज्ञांवरच) निघतो. हेच काम पूर्णवेळ करावे म्हणून पुण्यातील काही कंपन्यांकडे अर्ज केले, परंतु संगणकशास्त्राची पदवी नसल्यामुळे तीन ठिकाणी अर्ज पहिल्याच चाळणीत अडकला.

म्हणून नोकरी सोडून दोन वर्षे नियमित एमसीए (संगणकाची पदव्युत्तर पदवी) करावे आणि कॅम्पस मुलाखतीतून कंपनीत शिरावे, असा विचार आहे. शिल्लक साडेचार लाख रुपये आहेत. घरी आई, पत्नी आणि चौथीत शिकणारी मुलगी आहे. घरच्यांचा विरोध नाही, मलाच धीर होत नाही. जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

निवृत्त मास्तर, धुळे

भाऊ, आपण स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून सांगतो. एमसीए करण्याचा विचार योग्य आहे, मात्र ज्या कारणासाठी आपण नोकरी सोडणार आहात ते कारण कच्चे आहे. महाविद्यालयात अनेक वर्षे मुलांच्या कॅम्पस मुलाखतींची व्यवस्था पाहिल्यामुळे मला हे ठाऊक आहे की एकगठ्ठा भरती करणाऱ्या कंपन्या बहुधा दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुण मागतात आणि शिक्षणातील खंड एक-दोन वर्षांपेक्षा अधिक नसावा अशी अट घालतात. त्यांच्या फॉर्ममध्ये आपली ११ वर्षांची नोकरी ही नोकरी म्हणून मोजलीच जात नाही, तो निव्वळ ‘खंड’ ठरतो. माझ्या वर्गात चाळिशीकडे झुकलेले एक गृहस्थ होते. अभ्यासात ते सर्वांत पुढे असत, पण मुलाखतीच्या दिवशी त्यांचे नाव यादीतच आले नाही. त्या दिवशी त्यांना काय सांगावे हे मला सुचले नव्हते.

कॅम्पसचा दरवाजा नवख्यांसाठी असतो आणि आपण नवखे नाही. आपल्याला अनुभवी उमेदवाराच्या दरवाजाने जायचे आहे, तेथे पदवीचा उपयोग फक्त अर्ज चाळणीतून पुढे सरकावा एवढाच आहे. तेवढ्यासाठी दूरस्थ पद्धतीची एमसीए पुरेशी ठरावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. प्रवेशापूर्वी त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव त्या सत्रासाठी आयोगाच्या यादीत आहे की नाही, हे मात्र स्वतः तपासावे, एजंटच्या शब्दावर विसंबू नये. कोणी दूरस्थ पद्धतीने बी.टेक. देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये.

चाळीसगाव ते हिंजवडी

मास्तरांशी मी सहमत आहे, तरी थोडी भर घालतो. आमच्या विभागात अनुभवी माणूस घेताना पदवी पाहून झाली की लगेच विचारले जाते ते हे की यापूर्वी काय काम केले आहे. गोदामातील साठा आणि चलनातील साठा जुळत नाही तेव्हा चूक नेमकी कोठे शोधायची, हे कळणारा माणूस ईआरपी बसवणाऱ्या कंपन्यांना हवा असतो आणि केवळ प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्या मुलाला ते सांगता येत नाही. आपण डेव्हलपरच्या जागांसाठी अर्ज केले असतील, तर नकाराचे कारण एकटी पदवी नव्हती, असे मला वाटते. ईआरपी सपोर्ट, फंक्शनल कन्सल्टंट (कंपनीचे काम समजून घेऊन प्रणाली त्याप्रमाणे बसवून देणारा) आणि डेटा अ‍ॅनालिस्ट या जागांसाठी अर्ज करून पाहावा, आणि बायोडेटामध्ये ‘स्टोअर इन्चार्ज’ एवढेच न लिहिता कोणत्या क्वेरी लिहिल्या आणि त्यामुळे कोणते हाताने होणारे काम थांबले, हे लिहावे.

भुसावळची वाचक

मी नोकरी आणि दोन मुले सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमसीए पूर्ण केले, त्यामुळे यातील अडचणी सांगू शकते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, मला साडेतीन लागली. विषय अवघड नव्हते. घात केला तो असाइनमेंटनी, कारण त्या वेळेत दिल्या नाहीत तर परीक्षेची तयारी असूनही सत्र वाया जाते. प्रात्यक्षिकांना हजेरी लागते आणि ती बहुधा सुटीच्या दिवशी असतात, म्हणून रविवार आपला राहत नाही.

दादा, आपल्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. आपल्याकडे बागायती कापसाची लागवड मे अखेरीपासून सुरू होते आणि ठिबकच्या नळ्यांची मागणी नेमकी त्याच सुमारास वाढते, तेव्हा डिस्पॅचच्या माणसाला रजा कोण देणार? जूनमध्ये दोनच पेपर ठेवावेत आणि उरलेले डिसेंबरवर ढकलावेत. सर्व पेपर एकदम भरण्याचा उत्साह मीही पहिल्या वर्षी दाखवला होता आणि तीन पेपरांचे शुल्क पाण्यात गेले.

पैसे भरण्यापूर्वी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील डेटाबेसचा एखादा कोर्स करून पाहावा. शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क पडते. रात्री नऊनंतर आठवड्यातून पाच दिवस बसणे जमते की नाही, हे त्यात कळते. मला पहिल्या वेळी जमले नव्हते.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. खंडाच्या अटीचा मी विचारच केला नव्हता. नोकरी सोडत नाही. जानेवारीच्या सत्राला दूरस्थ प्रवेश घेईन आणि तोवर डेटाबेसचा कोर्स करीन. जूनचा मुद्दा तर आमच्या मालकांनाही आधी सांगून ठेवावा लागेल, कारण मे महिन्यात आमच्याकडे आजारी पडण्याचीही सोय नसते.

एक शंका राहिली. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे छापलेले आहे आणि २०१८ पासून विद्यापीठाचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे आहे. अर्ज भरताना कोणते नाव लिहावे?

निवृत्त मास्तर, धुळे

पदवी मिळाली त्या वेळचे नाव प्रमाणपत्रावर आहे, ते वैधच आहे. नवीन छापून घेण्याची गरज नाही. ऑनलाइन अर्जाच्या यादीत नवे नाव दिसले तर ते निवडावे आणि प्रमाणपत्र आहे तसे जोडावे. गुणपत्रिका मात्र सर्व वर्षांच्या आजच शोधून ठेवा, कारण ऐन वेळी सापडत नाही ती नेमकी दुसऱ्या वर्षाची असते.