मोका पॉटची कॉफी करपट लागते, सल्ला हवा

पहाटवारा
घरी एस्प्रेसो करायची फार इच्छा होती. मशीन ठेवायला ओट्यावर जागा नाही, म्हणून महिन्याभरापूर्वी तीन कपांचा अ‍ॅल्युमिनियमचा मोका पॉट घेतला, म्हणजे खालच्या भांड्यातलं पाणी तापून मधल्या गाळणीतल्या पुडीतून वरच्या भांड्यात चढतं ती गॅसवरची कॉफीची किटली. घरात कॉफी पिणारी दोनच माणसं आहोत. रोज करतेय, पण दर वेळी कडू आणि जरा करपट लागते. परवा तर मधल्या सांध्यातून वाफ आणि पाणी बाहेर यायला लागलं, तेव्हा घाबरून गॅस बंद केला.

मी काय करते ते लिहिते. खालच्या भांड्यात गार पाणी, पूड एस्प्रेसोसाठी म्हणून दळून आणलेली, ती चमच्याने घट्ट दाबून भरते. गॅस मोठा. वरची खदखद पूर्ण थांबेपर्यंत भांडं उतरवत नाही. एस्प्रेसोवर असतो तसा फेस अजिबात येत नाही. चुकतंय कुठे? की स्टीलचा पॉट घेऊ? पुढेमागे इंडक्शन घ्यायचा विचार आहे.

जुनी_किटली
गॅस लगेच बंद केलात ते फार बरं केलंत. नवीन पॉट घेण्याआधी दोन गोष्टी बदलून बघा: पूड आणि आच.

एस्प्रेसोच्या मशीनमध्ये पंप साधारण ९ बार दाबाने पाणी ढकलतो, म्हणून तिथे पूड अगदी बारीक आणि ठासून भरलेली चालते, नव्हे, तशीच लागते. मोका पॉटमध्ये पंप नाही. खालची हवा आणि वाफ तापून जो दाब तयार होतो तो एक-दोन बारच्या आसपास. एवढ्या दाबाला ठासलेल्या पुडीतून वाट सापडत नाही. मग पाणी सांध्यातून निघतं. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. गाळणी काठोकाठ भरा, बोटाने वरून सपाट करा आणि तशीच बसवा, दाबू नका. दळण एस्प्रेसोपेक्षा जाड आणि फिल्टर कॉफीपेक्षा बारीक हवं. चिमटीत धरल्यावर बारीक मिठासारखं कणीदार लागलं पाहिजे, पिठासारखं नाही.

सांध्यावर पुडीचे कण राहिले तरी गळतं, तेव्हा काठ पुसून मग घट्ट फिरवा. फिरवताना वरच्या भांड्याचं अंग धरा, कान धरून पिळू नका, तो तुटतो.

पाणी कायम आतल्या व्हॉल्वच्या खाली. तो व्हॉल्व म्हणजे या भांड्याचा जीव आहे. क्षार साठून तो बंद झाला तर जादा दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही.

काळी_बिनसाखरेची
करपट चवीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण माझं यात बरंच दूध-साखर वाया गेलं आहे.

मोका पॉटमध्ये पाणी उकळून वर जातं असं आपल्याला वाटतं, पण सुरुवात त्याआधीच होते. खाली अडकलेली हवा तापून फुगते आणि पाण्याला नळीतून वर रेटते. पहिली धार येते ती उकळीच्या बरीच खालच्या तापमानाची, गडद आणि दाट. पुढे पाणी तापत जातं, रंग फिका होत जातो. शेवटी खालचं पाणी संपत आलं की नळीत वाफ शिरते आणि गुरगुर सुरू होते. ही गुरगुर ऐकत थांबायचं नाही. त्या वेळी पुडीतून अतिशय गरम पाणी आणि वाफ जात असते आणि कडवटपणा तिथेच उतरतो. धार फिकट पिवळी झाली, किंवा पहिला गुरगुराट ऐकू आला, की पॉट उतरवा आणि तळ नळाच्या गार पाण्याखाली धरा. धार तिथल्या तिथे थांबते. वर थोडी कमी कॉफी जमली तरी हरकत नाही.

झाकण उघडं ठेवून बघत राहा, म्हणजे रंग कळतो. गॅस बारीक हवा, ज्योत तळाच्या बाहेर येता कामा नये. बाहेर आली की कानाचं प्लास्टिकही वितळतं. लहान पॉट शेगडीच्या जाळीवर डुगडुगतो, तेव्हा वरून एक छोटी जाळी ठेवा.

दुसरा_कप
पाणी गरम घालावं की गार, यावरही लिहितो, कारण सगळीकडे "आधीच उकळलेलं पाणी घाला" असं सरसकट सांगतात. त्याने वेळ वाचतो आणि पूड कोरडीच तापत राहत नाही, हे खरं. पण पॉट बंद करतानाच आतली हवा गरम असेल तर पाणी वर रेटण्याइतका दाब यायला पाणी आणखी तापावं लागतं. म्हणजे पुडीला लागणारं पाणी पहिल्यापासूनच जास्त गरम असतं. फिक्या भाजलेल्या कॉफीला ते मानवतं, तिची चव एरवी आंबट राहते. गडद भाजलेल्या कॉफीचा मात्र कडूपणा वाढतो. तुमची पूड काळपट, तेलकट असेल तर पाणी गारच ठेवा आणि फक्त आच कमी करा. पाणी गरम घातलंत तर खालचं भांडं फडक्यात धरून मग आवळा, हात भाजतो.

फेसाची वाट पाहू नका. मशीनवर तो येतो मोठ्या दाबामुळे, कॉफीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून नंतर बारीक बुडबुडे होऊन बाहेर पडतो. एक-दोन बारमध्ये तसा येणार नाही. मोकाची कॉफी एस्प्रेसोपेक्षा पातळ आणि फिल्टर कॉफीपेक्षा कडक असते. मला तरी ती स्वतंत्र प्रकार म्हणूनच आवडते, आणि दुधात तर फारच.

जुनी_किटली
स्टीलचं राहिलं. अल्फोन्सो बियालेत्ती यांचा मोका पॉट १९३३ साली इटलीत आला तो अ‍ॅल्युमिनियमचाच, त्यामुळे चवीसाठी धातू बदलायची गरज नाही. इंडक्शनवर मात्र साधा अ‍ॅल्युमिनियमचा पॉट तापत नाही, कारण त्याला चुंबक चिकटत नाही. इंडक्शन खरंच येणार असेल तेव्हाच चुंबक चिकटणाऱ्या तळाचा पॉट घ्या. पॉटखाली ठेवायची लोखंडी चकतीही मिळते, पण तापायला वेळ लागतो.

आकार तुम्हाला योग्य आहे. तीन कप म्हणजे तीन छोटे कप, एकूण १५० मिलीच्या आत-बाहेर. पॉट मोठा घेऊन अर्धा भरायचा विचार करू नका, तो पूर्ण भरूनच नीट चालतो.

पहाटवारा
तिघांचेही मनापासून आभार. आज पूड जाड दळून आणली, दाबली नाही, पाणी गार, गॅस अगदी बारीक, आणि गुरगुर सुरू होताच उतरवून नळाखाली धरला. पहिल्यांदाच करपट वास आला नाही! साखर न घालता पिऊन बघितली, चालली. सांध्यातून मात्र अजून किंचित वाफ येते. आणि धुताना साबण लावायचा का?

काळी_बिनसाखरेची
साध्या पाण्याने धुवा, तेलकट झालं तर थोडा सौम्य साबण चालतो. अ‍ॅल्युमिनियम डिशवॉशरमध्ये घालू नका, काळं पडतं. सुटे भाग पूर्ण वाळल्यावरच जोडून ठेवा. वाफेसाठी वरच्या भांड्याच्या तळाशी असलेली रबर रिंग काढून बघा. नवीन पॉटमध्येही ती कधी नीट बसलेली नसते.

पहाटवारा
काढून पाहिली. एका बाजूला दुमडून बसली होती आणि तिथेच बारीक चीर आहे. त्याच मापाची नवीन आणते, तोवर पॉट बंद.