अनुभव धागा: गाण्यामागचा माणूस

खऱ्या आयुष्यावर बेतलेला सिनेमा संपताना पडद्यावर त्या खऱ्या माणसाचे फोटो येतात, मागे गाणं सुरू होतं आणि अंधारात नाकं ओढल्याचे आवाज येतात. बाहेर नागपूरच्या बर्डी बाजाराच्या गर्दीत शिरलो की गाणं ओठांवर राहतं, माणूस मात्र सुटून जातो. म्हणून हा धागा. गाणं किती गोड आहे ते नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्यावर ते बेतलं किंवा ज्यानं ते लिहिलं, त्याचं आयुष्य तुम्हाला कुठे भिडलं ते लिहा. नागपूरकरांनी तर लिहायलाच हवं, यातली बरीच माणसं आपल्याच आसपासची आहेत.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

माझं माहेर वर्ध्याचं. त्यामुळे 'मी सिंधुताई सपकाळ' (2010) बघायला गेले ती माहेरच्या बाईला भेटायला जावं तशी. त्यातल्या 'हे भास्करा क्षितिजावरी या'साठी सुरेश वाडकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. मला टोचतं ते वेगळंच. माई, म्हणजे सिंधुताई, स्वतः रेल्वे स्टेशनांवर गाणी म्हणून पोट भरायच्या. चौथीपर्यंत शिकलेली, विशीत भरल्या दिवसांत घराबाहेर काढलेली, गोठ्यात बाळंत होऊन दगडानं नाळ तोडलेली बाई गात फिरत होती. ती गाणी कुणी जपून ठेवली?

त्यांचं भाषण मी एकदा समोर बसून ऐकलं. मध्येच ओळी गायच्या, लोक रडायला लागले की लगेच हसवायच्या आणि शेवटी सरळ पदर पसरायच्या. बोलणं हेच त्यांनी सांभाळलेल्या अनाथ लेकरांचं राशन होतं.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला हे गाणं बसवलं, तेव्हा मुलींना आधी माईंची गोष्ट सांगितली. एकीनं विचारलं, "मग त्यांची स्वतःची मुलगी कुठे होती?" खरं ते सांगितलं: इतर लेकरांत भेदभाव होऊ नये म्हणून माईंनी तिला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं होतं. सहावीतल्या त्या पोरीला हे पटलं नाही. मी समजावायला गेले नाही, कारण मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. माईंबद्दलचा आदर त्यानं कमी होत नाही, पण त्या लेकीसाठी कुणी गाणं लिहिलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

फुटबॉलवाला, अजनी

2018 च्या डिसेंबरात 'झुंड'चं शूटिंग नागपुरात सुरू झालं तवा अख्खं गाव अमिताभले पाहाले धावून राहिलं होतं. आमचे कोच म्हणत, "पोट्टेहो, अमिताभ तर टीव्हीवर बी दिसते, तुम्ही बारसे सरांले पाहा." ज्यायच्यावर 'झुंड' बेतला ते विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पावसात पोट्टे फुटकी बादली लाथाडून राहिले होते, सरांनी त्यायले बॉल देला. तिथून 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोट्ट्यायले फुटबॉल शिकवणारं स्लम सॉकर उभं झालं अन् 2016 ले फिफाचा पुरस्कार आला.

अजय-अतुलचं 'आया ये झुंड है' लागलं की माह्या अंगावर अजूनही काटा येते. पण प्रॅक्टिसले असं काही वाजत नाही भाऊ. जानेवारीच्या थंडीत सकाळी पोट्टे येतात, अर्धे चपलेवर, एखाद्याचा बाप रात्री पिऊन राडा करून झोपलेला असते. कोच रोज तेच ओरडते: पास दे बे, पास दे! मी चार दिवस गेलो नाही तर कोच घरी आले. चहा पिले, आईशी बोलले, मले काहीच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेलो. आता कुरिअरचं काम करतो अन् रविवारी लहान्या पोट्ट्यायले शिकवतो. हे सीन पिच्चरमध्ये टाकलं तर लोक झोपतीन.

परिचारिका, मेडिकल चौक

मी उलटं लिहिते, चालेल ना? 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (2014) मी पाहिला, पण त्यातलं एकही गाणं मला आठवत नाही. डोक्यात राहिली ती शांतता. प्रकाशभाऊ आणि त्यांच्या पत्नी मंदाताई दोघंही नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे. ताई भूलतज्ज्ञ. 1973 च्या डिसेंबरात हेमलकसाला आदिवासींसाठी त्यांचं काम सुरू झालं, पुढे कित्येक वर्षं वीज नव्हती. आम्ही मैत्रिणी गाडी करून चंद्रपूर, आलापल्लीमार्गे तिथे गेलो होतो. बाकीच्या जणी तिथं सांभाळलेल्या प्राण्यांचे फोटो काढत होत्या, मी ओपीडीसमोर उभी राहिले. पेशंटशी माडियात, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेत, बोलणं चाललं होतं. औषध देण्याआधी प्रकाशभाऊ-मंदाताईंना ती भाषा शिकावी लागली होती. आमच्या वॉर्डात पेशंटला मराठीतसुद्धा नीट समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

निवृत्त कारकून, महाल

'ऐ मालिक तेरे बंदे हम' शाळेत रोज म्हटलं, पण ते ज्यातलं आहे त्या 'दो आँखें बारह हाथ' सिनेमामागे औंध संस्थानातला खराखुरा प्रयोग आहे हे पेन्शनीत गेल्यावर समजलं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंती नसलेली वसाहत वसवली होती. बस, इतकंच.

अंगणवाडी सेविका, कामठी रोड

हिवाळी अधिवेशनात मानधनासाठी आमचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवतात. दुपारपर्यंत घोषणा देऊन घसे बसतात. मग कुणीतरी 'उषःकाल होता होता' उचलतं. मी ते किती वर्षं म्हणत होते, पण सिनेमातलं आहे हे माहीत नव्हतं. मुलानं मोबाइलवर 'सिंहासन' दाखवला तेव्हा नवल वाटलं. आशाताईंचा आवाज चांगलाच आहे, पण आमचा बेसूर मला जास्त खरा वाटतो.

निवृत्त कारकून, महाल

मावशी, लिहिणारे सुरेश भट म्हणजे अमरावतीचे, पण अखेरचा श्वास 2003 मध्ये आपल्या नागपुरातच घेतला. लहानपणीच्या पोलिओमुळे एक पाय अधू. तुमच्यासारखं मोर्च्यात चालणं त्यांना जड गेलं असतं. रेशीमबागेत त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे, तिकडे जाणाऱ्यांपैकी किती जण त्यांना वाचतात देव जाणे. आणि 'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना' हेही त्यांचंच. मोर्च्यातल्या बायांना सांगा, कित्येक जणींना ते पाठ असेल.