पेलमेट, झालर की पडदापेटी?

प्रश्न, टिळकवाडी :
घराचं काम चाललंय. सुताराला द्यायची यादी मी मराठीतून लिहायलोय. चौकट, तावदान, कडी, बिजागरी इथवर कुठं अडलं नाही. खिडकीवर पडद्याचा दांडा झाकणारी लाकडी पेटी असते, तिथं येऊन थांबलो. दुकानात सगळे पेलमेट म्हणतात. आई झालर म्हणते. शेजारचे अण्णा पडद्याची पट्टी म्हणतात. नेमका शब्द कुठला? आणि पेलमेटच लिहायचं तर तो, ती की ते?

खानापूर :
झालर लिहू नका. सुतार म्हणेल, हे माझं काम नव्हे, शिंप्याकडं जावा.

शहापूर :
खानापूरकरांचं बरोबर आहे, पण कारणासकट सांगायला पाहिजे. पडदे शिवायचं काम आमच्या घरात माझ्या सासूबाईंपासून चालू आहे, त्यामुळं हा घोळ नेहमी कानावर येतो.

झालर कापडाची. मंडपाला लावतात, पाळण्याला लावतात, उशीच्या अभ्र्याला लावतात. चुण्या घालून लोंबती सोडलेली. पडद्याच्या वर तशी आडवी कापडी पट्टी शिवली तर तिला झालर हाच शब्द चोख बसतो. इंग्रजीत तिला व्हॅलन्स म्हणतात आणि पेलमेट वेगळं ठेवतात, निदान काटेकोर बोलणारे तरी.

पेलमेटाला आकार असतो. पुढं एक फळी, दोन्ही बाजूंना दोन छोट्या फळ्या, वर झाकण. खालून आणि भिंतीकडून उघडं. दांडा, कड्या, हूक सगळं आत जातं आणि पडदा थेट फळीखालून उतरल्यासारखा दिसतो. यातलं झाकण फार महत्त्वाचं आहे. थंड देशांत खोलीतली ऊबदार हवा वरून पडद्यामागं शिरते, गार काचेला लागून निवते, जड होते आणि पडद्याखालून थंड होऊन बाहेर येते. वर झाकण असलं की हवेची ही फेरी तुटते. आपल्याकडं काच तेवढी गार पडत नाही, पण पडद्याच्या वरून आत येणारी उजेडाची तिरीप आणि दांड्यावर बसणारी धूळ त्याच झाकणानं अडते. दुपारी झोपणारं लहान मूल घरात असेल त्यांना ती तिरीप किती छळते ते विचारा.

म्हणून अण्णांचा 'पडद्याची पट्टी' हा शब्दही मी पेलमेटासाठी वापरणार नाही. नुसती पुढची फळी ठोकली, झाकण दिलं नाही, तर ती पट्टी. तिचा उपयोग दांडा नजरेआड करण्यापुरता.

शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे. इंग्रजीत तो फ्रेंच 'पामेत'वरून आला असावा असं कोशकार मानतात. पामेत म्हणजे ताडाच्या पानाची नक्षी. पडद्यावरच्या लाकडी पट्टीवर ती असायची.

निपाणी :
जुन्या वाड्यात दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात. त्याच धर्तीवर खिडकीपट्टी का नको? कानाला आपलं वाटतं.

शहापूर :
गणेशपट्टी चौकटीचाच भाग आहे ओ. ती काढली तर चौकट मोडेल. पेलमेट उद्या उतरवून ठेवलं तरी खिडकीला काही होत नाही. नात्यातलं नाव देताना नातं बघायला पाहिजे. मात्र वाड्यातला दुसरा एक शब्द इथं खरोखर कामाचा आहे : महिरप. पुढच्या फळीची खालची कड सरळ न ठेवता कमानीसारखी कातून घेतली, तर 'महिरपी पेलमेट' म्हणा. सुताराला वेगळं समजवावं लागत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणखी एक प्रकार : प्लायवर पातळ फोम, त्यावर ताणून कापड. बाहेरून कापड दिसतं म्हणून याला झालर म्हणणारे पुष्कळ. आत सांगाडा आहे, म्हणजे हे पेलमेटच. कापड मढवलेलं पेलमेट. आमच्याकडं यासाठी गुळेदगुड्डचा खण मागतात आणि तो फार सुंदर दिसतो. खणाचा पन्हा लहान, पण तो लांबीनं आडवा घातला तर मध्ये जोड लागत नाही आणि काठ आपोआप खालच्या कडेला येतो. जुन्या इरकलीचा पदर विरला तरी काठ शाबूत असतो. तोही उसवून असाच लावता येतो. खाली पडदा मात्र एकरंगी घ्या. खण आणि फुलाफुलांचा पडदा एकत्र आले की दोन्हींचा जीव जातो.

वडगाव :
मी सुतारकामातला. आमच्यात निम्मे लोक घरी कन्नड बोलतात. खिडकी म्हटलं तरी कळतं, किटकी म्हटलं तरी कळतं, पडद्याला परदे म्हणतात. पेलमेटाला दोन्हीकडं पेलमेटच. शब्द बदलून आमचं काम अवघड करू नका.

प्रश्न, टिळकवाडी :
मग पडदापेटी? मला परवा सुचला. पेटी म्हटलं की झाकण आलंच.

शहापूर :
शब्द चांगला आहे, मनापासून सांगते. लेखात, माहितीपत्रकात वापरा, वाचणाऱ्याला वस्तू डोळ्यांपुढं येते. सुताराच्या यादीत पेलमेटच लिहा. पडदापेटी वाचून कुणी पडदे ठेवायची पेटी करून आणली तर दोष त्याचा नाही.

चिकोडी :
लिंगाचं राहिलं. ते पेलमेट. 'पेलमेट बसवलं', अनेकवचन 'पेलमेटं'. टेबल, स्टूल, कपाट यांच्या रांगेत बसतं. जुने मिस्त्री 'पेलमेटाला रंग द्या' म्हणतात, नवीन पोरं 'पेलमेटला' म्हणतात. टेबलाला आणि टेबलला यांत जो फरक तोच हा. मी 'पेलमेटाला' लिहीन, मराठी प्रत्यय लागताना शब्द थोडा वाकला की तो घरचा होतो. 'पेल्मेट' असं जोडाक्षर नको. आपण 'पेल' म्हणून थांबतो आणि मग 'मेट' म्हणतो.

प्रश्न, टिळकवाडी :
तर यादीत असं लिहितो : 'हॉलच्या खिडकीला प्लायचं पेलमेट, वर झाकणासह. खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त. उंची सात इंच, खोली सहा इंच.' चालेल?

वडगाव :
'खोली' लिहू नका, घाईत वाचणाऱ्याला हॉल सोडून दुसरी खोली वाटते. 'भिंतीपासून पुढं सहा इंच' लिहा. आणि आधी सांगा, दांडा एक का दोन? आत जाळीचा पातळ पडदा आणि बाहेर जाड पडदा असेल तर सहा इंचांत दोन्ही घासतात, आठ इंच घ्या. नुसतं 'प्लाय' पण लिहू नका. तुमची ती भिंत पावसाच्या बाजूला असेल तर मरीन प्लाय लिहा, शिक्का आयएस ७१० बघून घ्या. साधा प्लाय बेळगावच्या पावसाळ्यात ओल धरून फुगतो. आतल्या अंगाला पण रंगाचा हात मारायला सांगा, तिथं कुणी बघत नाही म्हणून तो राहतोच.