मॅलो, खत्मी, चिकणा, भेंडी : एका कुळाची शब्दचर्चा

प्रश्न : युरोपातल्या घरगुती औषधांवरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात मार्श मॅलो, कॉमन मॅलो आणि कंट्री मॅलो अशा तीन वनस्पती आल्या आहेत. तिघींना मिळून मराठीत एखादा शब्द आहे का? 'म्युसिलेज'साठी मी 'श्लेष्मा' लिहिलंय, ते चालेल ना?

उत्तर : आधी 'श्लेष्मा' काढा, बाकीचं सावकाश बघू. श्लेष्मा म्हणजे कफ. मार्श मॅलोचं मूळ देतात ते कोरड्या ढासेवर. 'या मुळात भरपूर श्लेष्मा असतो' असं छापलं तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल. परिभाषेत 'श्लेष्मल द्रव्य' चालतं. लोकांसाठी लिहायचं तर सरळ 'बुळबुळीत द्रव्य' लिहा, भेंडी चिरलेल्या माणसाला आणखी काही समजवावं लागत नाही. 'डिंक' मात्र लिहू नका. झाडाला जखम झाली की डिंक पाझरतो, ही बुळबुळ मात्र धडधाकट झाडाच्या पेशींत मुळातच साठवलेली असते. बाजारात ज्याला कराया म्हणतात तो कांडोळाचा डिंक, आणि कांडोळ आता याच कुळात धरतात. म्हणून इथे हा फरक पाळायलाच हवा.

आता नावं. तिघींना मिळून एक शब्द नाही आणि ओढूनताणून करूही नये. कुळाला 'भेंडी कुळ' म्हणतात, शास्त्रीय नाव माल्व्हेसी. नव्या वर्गीकरणात सावर, कोको, फालसा, ताग हेही त्यात आले आहेत. मार्श मॅलो म्हणजे आल्थिआ ऑफिसिनॅलिस, युरोप आणि पश्चिम आशियातल्या पाणथळ जागी वाढणारी. ती आपल्या रानातली नाही, पण युनानी वैद्यकातून तिचं नाव आपल्याकडे आलेलं आहे : खत्मी, आणि मुळाला रेशा खत्मी. कॉमन मॅलो म्हणजे माल्वा सिल्व्हेस्ट्रिस, तिची खुब्बाजी. अरबीत खुब्ज म्हणजे भाकरी. हिचं फळ चपटं आणि गोल असतं, त्यावरून हे नाव. सर्दीपडशावरच्या जोशांद्यात, म्हणजे युनानी काढ्यात, खत्मी आणि खुब्बाजी दोन्ही असतात. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात ही दोन नावं सांगितली तर पुडी मिळते, 'मॅलो' म्हटलं तर दुकानदार गोंधळतो. मग लेखातही हीच नावं का नकोत?

राहिला कंट्री मॅलो. त्याचं 'गावठी मॅलो' करू नका. तो आपला चिकणा, म्हणजे आयुर्वेदातली बला, सिडा कॉर्डिफोलिया. इंग्रजीत इंडियन मॅलो दिसला तर ती अतिबला, मराठीत मुद्रा किंवा पेटारी. तिचं दातेरी चाकासारखं फळ शाईत बुडवून मुलं शिक्के उठवतात, तीच.

दुसरा प्रश्न : भेंडीची बुळबुळ आणि खत्मीच्या मुळातली बुळबुळ एकच का? मग भेंडीची भाजी खाऊन खोकला का थांबत नाही?

उत्तर : घराणं एक, माणसं वेगळी. दोन्हीकडे शर्करेच्या लांबलचक साखळ्या असतात आणि त्यांत गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल व रॅम्नोज हे मुख्य दुवे. या साखळ्या पाणी धरून फुगतात. खत्मीचं मूळ पारखायची औषधकोशातली, म्हणजे औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या ग्रंथातली, रीत याच गुणावर बेतली आहे : एक ग्रॅम भुकटी पाण्यात फुगून किमान १० मिलिलिटर जागा व्यापायला हवी. मूळ गार पाण्यात भिजवतात, उकळत नाहीत. त्यात पिष्टही बरंच असतं आणि उकळलं की त्याची खळ होते.

हे द्रव्य रक्तात जाऊन काम करत नाही. घशाच्या कोरड्या, चुरचुरणाऱ्या अस्तरावर त्याचा पातळ थर बसतो आणि खोकल्याची उबळ तिथल्या तिथे कमी होते. म्हणून ते घोटघोट, सावकाश घ्यायचं असतं. भाजी चावली आणि गिळली की संपलं. शिवाय आपण भेंडीत आमसूल, चिंच किंवा ताक घालतो. आम्लामुळे साखळ्यांवरचा विद्युतभार कमी होतो, त्या आखडतात आणि तार तुटते. स्वयंपाकघरात हवं असतं ते हेच, घशाला हवं असतं ते नेमकं याच्या उलट.

थरामुळे एक पथ्यही येतं. बरोबर घेतलेल्या दुसऱ्या औषधाचं शोषण त्याने लांबू शकतं, म्हणून अर्धा ते एक तासाचं अंतर ठेवायला सांगतात. युरोपीय औषध संस्थेने खत्मीचं मूळ घशाच्या चुरचुरीसह येणाऱ्या कोरड्या खोकल्यावर आणि पोटाच्या किरकोळ तक्रारींवर मान्य केलं आहे, तेही 'पारंपरिक वापर' या सदरात. तुमच्या लेखात हा शब्दप्रयोग जसाच्या तसा ठेवा. 'सिद्ध झाले आहे' असं त्याचं भाषांतर होत नाही.

बुळबुळीची ताकद डोळ्यांनी बघायची असेल तर कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर जा. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि ते तारदार पाणी काहिलीत उकळत्या रसात ओततात. थोड्याच वेळात काळपट मळी फेसासोबत वर येते, ती झाऱ्याने काढली की खालचा रस उजळ दिसतो. रसातला गाळ त्या साखळ्यांत अडकून वर येतो. रसायनं न घालता गूळ करतात तिथे मळी काढायला आजही भेंडी वापरतात.

तिसरा प्रश्न : चिकण्यात एफेड्रीन असतं हे खरं का? मग तो 'मॅलो' म्हणून खत्मीसारखा निर्धोक कसा?

उत्तर : खरं आहे, आणि म्हणूनच मी 'मॅलो' या एका शब्दाच्या विरोधात आहे. चिकण्यात एफेड्रीन थोडं असतं, पण असतं. ते श्वासनलिका सैलावतं, त्याचबरोबर नाडी आणि रक्तदाब वाढवतं. २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्रीन गटातली अल्कलॉइडं (वनस्पतींतली, शरीरावर तीव्र असर करणारी द्रव्यं) असलेली आहारपूरकं बंद केली. वजन उतरवायच्या गोळ्यांत त्यांचा वापर होत असे आणि हृदयविकाराचे गंभीर प्रकार घडले होते. चिकण्यात व्हॅसिसीनही सापडतं. त्याचं नाव अडुळशाच्या लॅटिन नावावरून पडलं, आणि कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झीन त्याच्याच धर्तीवर घडवलेलं. वैद्य बलेचं मूळ बहुधा तेलात सिद्ध करून देतात, जसं क्षीरबला तेल. चोळायचं तेल एक, अर्काची गोळी दुसरी. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाला 'मॅलो आहे, घ्या' असं कुणी सांगू नये.

चौथा प्रश्न : माल्व्हॅलिक आम्ल आणि मॅलिक आम्ल एकच ना?

उत्तर : नाही, अजिबात नाही. मॅलिकचं नाव सफरचंदाच्या लॅटिन नावावरून आलं, ते आंबट फळांत असतं. माल्व्हॅलिकचं माल्वावरून. ते मेदाम्ल आहे, तीन कर्बांचं ताणलेलं कडं असलेलं, आणि या कुळातल्या बियांच्या तेलात सापडतं. कापूसही याच कुळातला, त्यामुळे विदर्भाशी त्याचा संबंध सरकीतून येतो. कोंबड्यांना ते खाद्यातून गेलं तर साठवलेल्या अंड्यातला पांढरा भाग गुलाबी होतो. दुसऱ्या तेलात सरकीचं तेल मिसळलं आहे का हे बघायची हालफेन चाचणी अशाच आम्लांवर चालते, तेल लाल झालं की भेसळ पकडली. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य वेगळं. ते पुरुषांसाठी संततिनियमनाचं औषध म्हणून १९७०च्या दशकात चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. पण रक्तातलं पोटॅशियम घसरू लागलं आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, म्हणून ते सोडून द्यावं लागलं. गाईम्हशी सरकीची पेंड पचवतात, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात गॉसिपॉलचा जोर बराच मोडतो.

फुलांचा रंग हा आणखी एक धागा. खुब्बाजीच्या जांभळ्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्याला माल्विडिन म्हणतात. तेच काळ्या द्राक्षांत आणि लाल वाइनमध्येही असतं. पाकळ्यांच्या निळसर चहात लिंबू पिळलं की तो गुलाबी होतो. शाळेत जास्वंदीच्या पाण्यावर करतात तो आम्ल-आम्लारीचा प्रयोग याच जातीच्या रंगद्रव्यांचा. 'मॉव्ह' या रंगाचं नावही मॅलोच्या फ्रेंच नावावरून आलं, पण १८५६ मध्ये विल्यम पर्किनने बनवलेला तो प्रसिद्ध रंग डांबरातल्या ॲनिलिनपासून निघाला, त्यात फुलाचा अंशही नव्हता.

शेवटचा प्रश्न : मुलं खातात त्या मार्शमॅलोला काय लिहू?

उत्तर : तो 'मार्शमॅलो'च राहू द्या, खत्मीची वडी म्हणू नका. फ्रान्समध्ये ही मिठाई एकेकाळी खरंच या मुळाच्या अर्कापासून करत. आता तिच्यात साखर, पाक आणि बहुधा जिलेटिन असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांतून येतं. शाकाहारी वाचकांसाठी तेवढी एक ओळ लेखात जरूर घाला.