जुना कार्ब्युरेटरचा ट्रक पॅडल दाबताच अडखळतो, बॅकफायर करतो: आधी काय तपासावं?

प्रश्न

जुना पेट्रोल ट्रक. व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंटचं (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचं) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग. थंड असो की गरम, लगेच स्टार्ट होतो आणि आयडलिंगही स्थिर आहे. पण रेस दिली की क्षणभर दम जातो आणि मग गचका देऊन उचलतो. त्याच वेळी कधी कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ होतं, कधी सायलेन्सरमधून मोठा बार निघतो. पॅडल हळूहळू दाबलं तर त्रास जास्त, एकदम दाबलं तर कमी. प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकले, फरक पडला नाही. आता कार्ब्युरेटर खोलून दुरुस्तीचं किट टाकावं का?

प्रतिसाद १

कार्ब्युरेटरला इतक्यात पाना लावू नका. अशा तक्रारीत दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो आणि निघतो बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरमध्ये.

आवाज कुठून येतो यावरून बरंच कळतं. कार्ब्युरेटरमधून फटका येतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते किंवा स्पार्क भलत्या वेळी पडलेला असतो. लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रण सावकाश जळतं, म्हणून व्हॅक्युम गळती (कार्ब्युरेटरच्या पुढे बाहेरून हवा शिरणं) किंवा कमी पेट्रोल असलं की फटका वरून येतो. टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) फार मागे, म्हणजे उशिराचं असलं किंवा दोन प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या असल्या तरी तेच. सायलेन्सरमधला बार म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन तिथे पेटतंय: स्पार्क मधेच चुकतोय, मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) आहे, किंवा एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत येतेय. तुमच्याकडे दोन्हीकडून आवाज येतो. एकाच दोषाने दोन्ही होत असेल तर माझा पहिला संशय इग्निशनवर.

वायरी नव्या टाकल्यात, तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) पुन्हा एकदा बोट ठेवून मोजा. शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ मध्ये ती १-८-४-३-६-५-७-२ असते. त्यात ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून त्या दोन वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेऊ नयेत. एकीचा करंट दुसरीत उतरतो आणि सातव्यात वेळेआधी स्पार्क पडतो. नंतर अंधारात इंजिन चालू करून कॅप आणि वायरींवर निळी ठिणगी दिसते का बघा. कॅप काढून आत केसासारखी काळी रेघ किंवा तडा शोधा, मधलं कार्बन बटण झिजलंय का तेही पाहा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण ॲक्सिलरेटर पंपाची (कार्ब्युरेटरमधला, पॅडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा पंप) तपासणी एका मिनिटाची आहे, ती करून टाका. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, चोक उघडा. वरून आत बघत थ्रॉटल हाताने उघडा. हात हलताक्षणी दोन्ही नळ्यांतून पेट्रोलची ठसठशीत धार यायला हवी. धार उशिरा आली किंवा नुसते थेंब पडले तर पंपाचा कप कडक झालाय, खालची चेक बॉल अडकलीय, किंवा लिंकेजमध्ये ढिलाई आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचे कप फुगतात नाहीतर ताठ होतात.

मात्र पंप खराब असेल तर पॅडल झटकन दाबल्यावर जास्त अडखळतं, कारण हवा एकदम येते आणि पेट्रोल मागे राहतं. तुमचं उलट आहे. ही खूण विसरू नका.

हे बघताना इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरवर वाकू नका. एअर क्लीनर नसेल तर बॅकफायरची ज्वाळा थेट तोंडावर येते. अग्निशामक हाताशी असू द्या.

प्रतिसाद ३

व्हॅक्युम गेज असेल तर इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारी वाट) लावा. समुद्रसपाटीजवळ, इंजिन गरम असताना आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा आणि काटा स्थिर, म्हणजे प्रकृती चांगली. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा हवेची गळती आहे. ठरावीक अंतराने काटा खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

गळती शोधायला कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचे जोड, ब्रेक बूस्टरची आणि पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातले वायू इनटेकमध्ये ओढणारी) नळी, थ्रॉटल शाफ्टची दोन्ही टोकं बघा. पुष्कळजण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. गरम एक्झॉस्टवर तो पडला तर पेट घेतो, त्यापेक्षा न पेटवलेल्या प्रोपेन टॉर्चला रबरी नळी लावून गॅस एकेका जोडाजवळ धरा. जिथे आरपीएम बदलेल तिथे गळती.

पेट्रोलचा पुरवठाही मोजून बघा. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या मेकॅनिकल पंपाचा दाब साधारण ४ ते ६ पीएसआय असतो, काही कार्ब्युरेटरना याहून कमी लागतो. आयडलिंगला अर्ध्या मिनिटात सुमारे अर्धा लिटर पेट्रोल आलं पाहिजे. टाकी ते पंप या बाजूच्या नळीला बारीक तडा असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून ती कोरडी दिसते आणि नजरेतून सुटते. पण पुरवठा कमी असेल तर चढावर जोर लावताना दम जातो, पॅडल नुसतं हलवल्याने नाही.

धागाकर्ता

तपासून पाहिलं. पंपाची धार दोन्ही बाजूंनी जोरदार आणि तत्काळ. गेज १८ वर स्थिर. फायरिंग ऑर्डर बरोबर, कॅप स्वच्छ. गळती सापडली नाही. पण डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम ॲडव्हान्सची (इनटेकच्या व्हॅक्युमने डायफ्राम ओढून स्पार्क लवकर पाडणारी) नळी काढून तिचं तोंड बंद केल्यावर अडखळणं जवळपास थांबलं. मग डायफ्राम फाटलाय का?

प्रतिसाद १

फाटलेला डायफ्राम थोडी हवा ओढेल, पण एवढे फटाके मारणार नाही. तरी खात्री करा: नळीतून हवा ओढा, प्लेट फिरली पाहिजे आणि नळीचं तोंड जिभेने बंद केलं तर तिथेच टिकली पाहिजे.

माझा अंदाज प्लेटच्या अर्थिंग वायरवर. पॉइंट ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे सतत मागेपुढे फिरते. प्लेटला अर्थिंग देणारी छोटी विणलेली वायर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला जोडलेली असते. वर्षानुवर्षं वाकून तिच्या तारा तुटतात. मग आयडलिंगला प्लेट जागेवर असते तोवर जोड लागतो, आणि थ्रॉटल थोडा उघडून प्लेट हलली की तुटतो. पॉइंट मिटलेले असताना अर्थिंग गेलं तर कॉइलचा करंट त्याच क्षणी थांबतो आणि अवेळी स्पार्क पडतो. रोटर (कॅपखालचा, स्पार्क वाटत फिरणारा भाग) त्या वेळी ज्या सिलिंडरकडे असेल तिथे तो जातो, म्हणून वरून फटका. पुढचा स्पार्क चुकतो, कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, म्हणून खालून बार. थ्रॉटल एकदम पूर्ण उघडला तर व्हॅक्युम कोसळतो, प्लेट जागेवरच राहते, म्हणून झटकन दाबल्यावर त्रास कमी. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

तपासणी अशी. पॉइंटमध्ये जाड पुठ्ठा ठेवून ते उघडे ठेवा, इग्निशन बंद. ओहममीटरचं एक टोक प्लेटला, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला. आता हातपंपाने किंवा तोंडाने व्हॅक्युम देत प्लेट पूर्ण फिरवा. आकडा शून्याच्या जवळ स्थिर राहिला पाहिजे. उड्या मारत असेल तर चोर सापडला. दुसरी रीत: पुठ्ठा काढा, पॉइंट मिटलेले, इग्निशन चालू, पॉइंटच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या आत हवं, प्लेट हलवतानासुद्धा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

पॉइंटपासून कॉइलकडे जाणारी वायरही तितकीच वाकते. ती आवरणाच्या आत तुटते, बाहेरून धड दिसते. दोन्ही एकदमच बदला.

धागाकर्ता

दोन्ही तपासण्या केल्या. प्लेट फिरवली की ओहमचा आकडा एकदम वर जातो. वायर कोणती घालू, आणि नंतर काय सेट करावं लागेल?

प्रतिसाद ३

साधी जाड वायर घालू नका, थोड्याच दिवसांत पुन्हा तुटेल. अतिशय बारीक, पुष्कळ तारांची, मऊ वायर हवी. डिस्ट्रिब्युटरसाठी तयार मिळते ती उत्तम. लांबी इतकी ठेवा की प्लेट शेवटपर्यंत फिरली तरी ताण येणार नाही, पण कॅमला किंवा रोटरला घासणारही नाही. टोकाच्या कानाखालचा गंज पॉलिश पेपरने काढा. सोल्डर करताना कथील तारेत वर चढू देऊ नका, नाहीतर तिथे वायर कडक होऊन मोडते.

प्रतिसाद २

पॉइंट पाहून घ्या. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला गोळा साचला असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही बदला. गॅप डिस्ट्रिब्युटरमधल्या कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या दांड्याच्या) सर्वांत उंच भागावर फिलर गेजने ठेवा. बऱ्याच व्ही-८ ना ०.४ मिमी चालतो, तरी मॅन्युअल बघाच. कॅमला ग्रीसचा नुसता हात लावा. ग्रीस नसेल तर पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे जातं.

गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं. टायमिंग लाइट लावताना व्हॅक्युमची नळी काढून बंद करा. रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने मागे यायला हवा, नाहीतर वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं अडकली आहेत. क्रँकची पुली पान्याने मागेपुढे करून रोटर कधी हलतो तेही बघा. क्रँक बराच फिरूनही रोटर जागेवरच असेल तर टायमिंग चेन ढिली झालीय आणि टायमिंग कधीच एका जागी राहणार नाही.

प्रतिसाद १

हे सगळं करूनही वरून ठरावीक लयीत फट् फट् येत राहिलं तर मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या खाली नको. आकडे चांगले असूनही लय तशीच राहिली तर व्हॉल्व्ह कव्हर काढून आठही सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उचल मोजा. एक्झॉस्टचा कॅम झिजला की जळालेला वायू बाहेर जात नाही आणि इनटेक उघडताच वर फेकला जातो. सध्या गेज १८ वर स्थिर आहे, त्यामुळे तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. आधी वायर घाला, नळी परत जोडा आणि अगदी हळू पॅडल दाबत बघा.