हॉस्पिस चांगलं आहे की नाही, हे एका भेटीत कसं ओळखायचं?

निशिगंध७

सासरे, वय ७४. गालाचा कॅन्सर, आता मानेतली गाठ फुटून जखम झाली आहे. ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं होऊन गेलं. ऑन्कोलॉजिस्टनी आता "पॅलिएटिव्हला दाखवा" असं लिहून दिलंय, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार. नाकातून नळी आहे, औषधं-जेवण सगळं त्यातूनच. दुखण्यावरचं ट्रामाडॉल दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत गेलंय, तरी रात्रभर कण्हतात.

आम्ही पुण्यात. समोर दोन पर्याय आहेत: शहराबाहेरचं एका ट्रस्टचं हॉस्पिस (शेवटच्या आजारात पेशंटला ठेवून सांभाळणारी जागा), आणि घरी येऊन सेवा देणारी एक खासगी कंपनी. कंपनीच्या पत्रकावर "घरच्या घरी आयसीयू सेटअप, २४ तास नर्सिंग" असं आहे. ट्रस्टची जागा हवेशीर, बाग आहे, देऊळ आहे. दोन्हीकडचे लोक गोड बोलतात, त्यामुळे काहीच कळत नाही. रविवारी पुन्हा बघायला जायचंय. काय विचारू, काय बघू?

उपशमन_ओपीडी

पहिला प्रश्न मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाचा. "तोंडाने द्यायचं मॉर्फिन आज तुमच्या कपाटात आहे का?" एवढंच विचारा आणि उत्तर किती सरळ येतं ते बघा. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांच्या कायद्यात) दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल अशी आवश्यक औषधं ठेवायला आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता लागते. पूर्वी चार-चार परवाने काढावे लागत. त्यामुळे "लायसन्सची फार कटकट असते हो" ही सबब आता ऐकून घेऊ नका. मान्यता नसेल तर ते लोक दुखण्यावर झोपेचं इंजेक्शन देतील. पेशंट शांत दिसतो, दुखणं तिथंच असतं.

काही जण ट्रामाडॉलवरून थेट फेंटॅनिलच्या पट्टीवर जातात. पट्टी वाईट नाही, किडनी बिघडलेल्यांना तर मॉर्फिनपेक्षा तीच बरी. पण लावल्यावर पूर्ण परिणामाला १२ ते २४ तास लागतात, ७२ तासांनी बदलायची असते, आणि दुखणं रोज वर-खाली होत असेल तर डोस त्या वेगाने हलवता येत नाही. ताप आला किंवा शेकायची पिशवी लागली की औषध जास्त शोषलं जातं. पट्टी लावून पहिल्या रात्रीसाठी वेगळं काहीच न देणारी जागा माझ्या मते नापास.

मॉर्फिनचं वेळापत्रक त्यांच्याकडून वदवून घ्या. साधी गोळी दर ४ तासांनी, घड्याळ लावून. दुखेल तेव्हा नव्हे. वयस्कर माणसाला सुरुवात बहुधा ५ मिग्रॅपासून, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर त्याहून कमी आणि जास्त अंतराने. झोपताना बहुतेक वेळा दुप्पट डोस देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मध्येच कळ उठली तर रेस्क्यू डोस: दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या साधारण एक षष्ठांश. दिवसाला ६० जात असेल तर रेस्क्यू १०. आणि मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, बद्धकोष्ठ व्हायची वाट न बघता. मळमळ पहिले काही दिवस असते, नंतर जाते. बद्धकोष्ठ जात नाही. ज्याच्या चिठ्ठीवर मॉर्फिन आहे पण बिसाकोडिल किंवा सेन्ना नाही, त्याने हे औषध फारसं वापरलेलं नाही असं समजा.

तुमच्या केसमध्ये नळी आहे, म्हणून एक प्रश्न डॉक्टरांना नको, तिथल्या सिस्टरला विचारा: "एसआर गोळी कुटून नळीतून देता येईल का?" उत्तर तात्काळ "नाही" असंच हवं. ती १२ तासांत हळूहळू सुटणारी गोळी असते, कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून चालते. शेवटी गोळी सिस्टरच देणार आहेत, म्हणून त्यांना माहीत असणं महत्त्वाचं.

दुसरं, दुखणं मोजतात का. ० ते १० चा आकडा दर पाळीला फाइलमध्ये लिहिलेला असतो. रेस्क्यू दिल्यावर तासाभराने पुन्हा आकडा हवा. दुसऱ्या पेशंटची फाइल ते दाखवणार नाहीत आणि दाखवूही नये, पण कोरा तक्ता मागा. तो शोधायला दहा मिनिटं लागली तर वापरात नाही.

ट्रामाडॉलची ४०० ही मर्यादाच आहे. त्यापुढे नेऊन फायदा नाही, झटके येण्याचा धोका मात्र वाढतो. रविवारपर्यंत थांबू नका, उद्याच एखाद्या पॅलिएटिव्ह ओपीडीत दाखवा. जागा नंतर ठरवा.

सिस्टरताई

डॉक्टरांनी औषधांचं लिहिलंय, मी वॉर्डचं लिहिते.

रविवारी सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा अंघोळी आटपलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात. संध्याकाळी सात-आठला जा, पाळी बदलते तेव्हा. दिवसपाळीची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला पेशंटच्या खाटेशी उभी राहून सगळं सांगते का, की काउंटरवर वही सरकवून निघून जाते, हे बघा. रात्री किती खाटांना किती सिस्टर, असा नेमका आकडा विचारा आणि त्यात मावशी-मामा मोजू देऊ नका. २० खाटांना रात्री एकच सिस्टर असेल तर ४ तासांचं मॉर्फिन वेळेवर मिळणार नाही.

बेडसोरबद्दल असं विचारा: "सध्या किती जणांना आहे, आणि त्यातले किती इथं आल्यावर झाले?" चांगल्या ठिकाणी दुसरा आकडा तोंडपाठ असतो. "आमच्याकडे एकालाही होत नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शेवटच्या दिवसांत उत्तम काळजी घेऊनही काहींना होतो. कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर असेल तर वाचा. ८, १०, १२, २, ४, सगळं एकाच पेनाने, एकाच हाताचं, एका ओळीत असेल तर तो पाळी संपताना बसून भरलेला आहे. खऱ्या तक्त्यात वेळा वाकड्या असतात, कधी "पेशंटने नको म्हटलं" असंही असतं.

हवेची गादी सगळीकडे दिसते, पण मोटर चालू आहे का बघा. पेशंटच्या कमरेच्या हाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवला तर हाताला हाड लागता कामा नये, मध्ये इंचभर तरी हवा हवी. लागलं तर ती गादी नुसती शोभेची. परवानगी घेऊन बघा, आणि ती कशी देतात हेही कळेल.

पेशंटची तोंडं आणि टाचा बघा. कोरडे, पापुद्रे आलेले ओठ आणि पांढरी जीभ बऱ्याच जणांची असेल तर तोंडाची निगा होत नाही. तुमच्या सासऱ्यांना रेडिएशन झालंय, म्हणजे तोंड कोरडंच असणार. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा तोंड पुसून घेतलंच पाहिजे.

आता जखमेचं. तुमच्यासाठी हाच सगळ्यात मोठा भाग आहे, म्हणून सविस्तर. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला विचारा, कसं करता? मला ऐकायला आवडेल ते असं: ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी रेस्क्यू डोस, चिकटलेला गॉज ओढून न काढता सलाईनने भिजवून सोडवायचा, वासासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर, कडेच्या कातडीला झिंक किंवा व्हॅसलीन. बीटाडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतणारे अजून बरेच आहेत. त्याने आग होते आणि नाजूक मांस सुटून रक्त येतं. जखमेत किडे पडले तर काय करता, हेही न लाजता विचारा. मानेच्या उघड्या जखमेत ते पडतात, घाण राहिल्यामुळेच पडतात असं नाही, एक माशी पुरते. टर्पेंटाइनचा बोळा कडेला धरायचा, वर आलेले चिमट्याने वेचायचे, पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा बघायचं, असं उत्तर आलं पाहिजे. नाक मुरडलं तर त्या जागेला अशा जखमेची सवय नाही.

आणि मानेतून एकदम रक्तस्राव झाला तर? मोठी रक्तवाहिनी जवळ असते, म्हणून हा प्रश्न आधीच बोलून ठेवायचा असतो. ज्यांना काम माहीत आहे ते गडद रंगाचे टॉवेल खाटेशी ठेवतात, कारण पांढऱ्या चादरीवर तेवढंच रक्त दसपट दिसतं आणि पेशंटही घाबरतो, घरचेही. थोडं थोडं येत असेल तर अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला गॉज दाबून धरणं आणि रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. मोठा झाला तर मिडाझोलमचं, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन जवळ तयार, आणि एक माणूस हात धरून बसलेला. "तसं झालं तर आम्ही लगेच हॉस्पिटलला हलवतो" हे उत्तर आलं तर समजा की शेवट रुग्णवाहिकेत होणार.

केसवर्कर

कागदाचं आणि पैशाचं बोलतो.

"आयसीयू सेटअप" हा शब्द वाचूनच मी त्या कंपनीला मागे टाकीन. मॉनिटर आणि पंप भाड्याने देणं हा त्यांचा धंदा आहे, आणि तुम्हाला ते नकोच आहे. तरीही घरी ठेवायचं असेल तर विचारा: येणारी सिस्टर नर्सिंग शिकलेली (जीएनएम, एएनएम) की ब्युरोची केअरटेकर? पहिल्या दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, क्रमांक मागा. केअरटेकर प्रेमाने अंघोळ घालेल, भरवेल, पण तिने इंजेक्शन द्यायचं नसतं. डॉक्टर प्रत्यक्ष किती दिवसांनी येतात, रात्री फोन उचलतो तो डॉक्टर की कॉल सेंटर? कंपनी आणि ट्रस्ट, दोन्हीकडच्या नंबरांवर शनिवारी रात्री साडेअकराला फोन लावून बघा. "नळी निघाली तर आत्ता काय करू?" एवढंच विचारा.

पॅकेजमध्ये काय नाही ते लेखी घ्या. डायपर, फीडची पावडर, ड्रेसिंगचं सामान, ऑक्सिजन, हवेची गादी हे बहुधा वेगळं लागतं आणि महिन्याचा खरा आकडा तिथंच फुगतो. ट्रस्टच्या ठिकाणी पैसे कमी किंवा शून्य, पण अटी असतात: नातेवाइकाने सोबत राहायचं का, तब्येत स्थिरावली तर किती दिवसांनी घरी न्यायचं, पुन्हा बिघडली तर खाट मिळेल का. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, कॅन्सरच्या पेशंटना तिथं मोफत सेवा मिळते. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. तुलनेला एक माप हवं असेल तर आधी वारज्याला जाऊन या.

घरी मृत्यू होणार असेल तर एक प्रश्न आजच विचारा: रात्री दोनला मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र कोण देणार? घरच्या मृत्यूला फॉर्म ४ए लागतो, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. कंपनीने "सकाळी बघू" म्हटलं तर स्मशानात अडकाल. चांगली सेवा डॉक्टरचं नाव आणि नंबर आधीच देऊन ठेवते.

आणि मॉर्फिन घरी दिलं असेल तर उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतात का? घेत असतील तर हिशेब चोख आहे. नुसतं "टाकून द्या" म्हणणाऱ्यांचा नाही.

निशिगंध७

खूप आभार. उद्याच ओपीडीत नेतोय. अजून एक: सासूबाईंचा आग्रह आहे की जिथं सलाईन आणि ऑक्सिजन लावतात तिथंच ठेवायचं. ट्रस्टवाले म्हणाले, "आम्ही सरसकट लावत नाही." हे चांगलं की वाईट?

उपशमन_ओपीडी

चांगलं. शेवटच्या दिवसांत शरीर पाणी वापरत नाही, ते पायावर, फुफ्फुसात आणि घशात साठतं, घरघर वाढते. घरघरीला कुशीवर वळवणं आणि ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनसारखं इंजेक्शन. सक्शनची नळी घशात घालणं नव्हे. ऑक्सिजन पातळी कमी असेल तरच कामाचा, नाहीतर चेहऱ्यावर छोटा पंखा तेवढाच आराम देतो. सासूबाईंना ट्रस्टच्या डॉक्टरांशी स्वतः बोलू द्या. त्यांच्यासाठी ते किती वेळ देतात, हीसुद्धा परीक्षाच आहे.

सातारारोड

थोडा वेगळा मुद्दा. "आम्ही कधीच सलाईन लावत नाही" म्हणणारेही तितकेच धोकादायक. जुलाबाने पाणी कमी झालं किंवा रक्तातलं कॅल्शियम वाढून माणूस बडबडायला लागला, तर ते दुरुस्त होण्यासारखं असतं आणि तिथं पाणी द्यायलाच हवं. शीर मिळत नसेल तर पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई लावून २४ तासांत ५०० मिली ते लिटरभर जातं. मॉर्फिनसुद्धा असं देता येतं. ट्रस्टवाल्यांना विचारा की कातडीखालून औषध देता का. येत असेल तर त्यांचं "सरसकट नाही" हे विचार करून आलेलं आहे.

अचानक असंबद्ध बोलायला लागला तर पहिलं काय बघता, हेही विचारा. लघवी तुंबली का, शी साठली का, ताप आहे का, हे तपासायच्या आधीच हात बांधणारी जागा असेल तर तिथून निघा.

सिस्टरताई

सातारारोड यांच्याशी सहमत. निशिगंध, जाताना नळीचा नंबर आणि ती बदलल्याची तारीख, शेवटचा क्रिएटिनिन, सध्याच्या सगळ्या औषधांची यादी वेळांसकट आणि जखमेचा फोटो घेऊन जा. फोटो बघून सिस्टर काय विचारते त्याकडे लक्ष द्या. "रक्त किती येतं, वास येतो का, ड्रेसिंगला दुखतं का" असं विचारलं तर बोला पुढे. आणि सध्या घरी फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा, एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजने न ढकलता आपोआप उतरू द्या, नंतर ३०-५० मिली पाण्याने नळी धुवा. कुटलेल्या गोळ्यांनी ती बुजते आणि मानेची जखम असताना नवी घालणं फार त्रासाचं होतं.