बॅटरी आरशावर मारली तर खोली अंधारीच, पांढऱ्या टॉवेलवर मारली तर उजेड. असं का?

धोटा_सोलापूर
नमस्कार. पूर्व भागात आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टेरी टॉवेल काढतो. परवा रात्री लाईट गेली, माग थांबले. मी लांब बॅटरी घेऊन मालाच्या खोलीत गेलो, मागोमाग मुलगी. तिथं भिंतीवर आईचा जुना आरसा आहे. उजेड आधी त्याच्यावर पडला आणि तिरका उघड्या दारातून थेट गल्लीतल्या हातगाडीवर गेला. हातगाडी लख्ख, खोली मात्र काळीकुट्ट. मग बॅटरी पांढऱ्या टॉवेलच्या गठ्ठ्याकडे वळवली, तर छतापासून कोपऱ्यातल्या सुताच्या कोनांपर्यंत सगळं दिसायला लागलं.

पोरगी नववीत आहे. म्हणाली, "पप्पा, जास्त उजेड परत कोण देतंय, आरसा का टॉवेल?" मी टॉवेल म्हणालो. तर म्हणते, "मग त्यात तोंड का दिसत नाही?" तिच्या पुस्तकात नियमित आणि अनियमित परावर्तन असे शब्द आहेत. पण टॉवेल नियम मोडतो म्हणजे नेमकं काय करतो, ते कळत नाही. तीस वर्षं पांढरा माल हाताळतोय, मलाही आता हे समजून घ्यायचंच आहे.

जुळे_सोलापूरकर
दादा, मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. मुलीला सांगा, टॉवेल नियम मोडत नाही. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, हे दोघांनाही लागू.

आणि जास्त उजेड आरसाच देतो. घरातला चांगला आरसा शंभरातला नव्वदच्या आसपास उजेड परत टाकतो, धुवट पांढरं सुती कापड साधारण ऐंशी. आरशाने तो सगळा एका दिशेला, तुमच्या हातगाडीवर टाकला. दार बंद असतं आणि झोत चुन्याच्या भिंतीवर पडला असता, तर त्या भिंतीनेही टॉवेलसारखीच खोली उजळली असती.

आता तोंडाचं. तोंड दिसायला नाकावरून निघालेले किरण आणि कानावरून निघालेले किरण डोळ्यापर्यंत आपापली जागा न सोडता यावे लागतात. सकाळी वारा पडलेला असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहा, देवळाचं शिखर पाण्यात उलटं, पण अखंड दिसेल. वाऱ्याची झुळूक आली की तुकडे होतात. पाणी तेच, नियम तोच. फक्त प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, म्हणून किरण वेगळीकडे जातो. टॉवेलमध्ये हे फार बारीक पातळीवर घडतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे त्याच्या एका लाटेची लांबी, 0.00055 मिलिमीटर, कापसाचा एक तंतू 0.015 मिलिमीटरच्या आसपास जाड. म्हणजे एकेक तंतूच प्रकाशाला वळणदार डोंगर. त्यात तुमच्या टेरीचे वेटोळे! शिवाय किरण तंतूच्या आत शिरतो, दुसऱ्या तंतूवर आपटतो, चार ठिकाणी फिरून कुठूनही बाहेर येतो. उजेड शिल्लक राहतो, चित्र पुसलं जातं.

काचकाम
आमचं आरशाचं दुकान आहे, म्हणून थोडं आमच्याकडचं. आरशात काच फक्त सपाटपणा देते आणि चांदीचा थर सांभाळते. खरं काम मागच्या त्या थराचं. 1835 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची रीत काढली. चांदीच्या मागे रंगाचा हात असतो. ओल शिरली की कडेनं काळे डाग पडतात, तेवढ्या भागातली चांदी गेली समजा.

मुलीला एक करायला सांगा. अंधारात आरशासमोर मेणबत्ती धरून तिरकं बघायचं. एक लख्ख ज्योत दिसेल आणि तिच्या शेजारी फिकट ज्योती. सगळ्यात पुढची फिकट ज्योत काचेच्या वरच्या पृष्ठभागाची. काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडातला शंभरातला चारच परत देतो.

धोटा_सोलापूर
काल रात्री केलं. आईच्या आरशात तिला चार ज्योती दिसल्या, मला तीन. काच जाड आहे, म्हणून त्या सुट्या दिसल्या असाव्यात.

सर, डोंगराचं लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यात मर्सराईज्ड सूत चमकतं. ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढलं की तंतू फुगून गोल, गुळगुळीत होतो. इतकी वर्षं आम्ही नुसतं "चमक आली" म्हणत होतो.

अजून एक विचारतो. ओला माल कायम गडद दिसतो. आमचे डाईंगवाले नमुना वाळवल्याशिवाय शेड जुळवतच नाहीत. पाण्याला तर रंग नाही, मग हे का?

जुळे_सोलापूरकर
फार चांगला प्रश्न. कापसाचा तंतू मुळात पारदर्शक असतो. तो पांढरा दिसतो, कारण तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश जोरात वळतो आणि परततो. पाणी हवेची जागा घेतं. पाणी प्रकाशाच्या बाबतीत तंतूच्या जवळचं, त्यामुळे सीमा बोथट होते. किरण परतायच्या ऐवजी आणखी आत जातो, वाटेत रंगाकडून जास्त शोषला जातो. पांढरा टॉवेल अर्धा भिजवून खिडकीवर धरा. ओल्या भागातून पलीकडचा उजेड जास्त येईल.

धोटा_सोलापूर
आत्ताच धरला. ओल्या अर्ध्यातून खिडकीचे गज दिसतायत, कोरड्यातून नाही. पोरगी शाळेतून आली की तिला आधी न सांगता टॉवेल हातात देतो.